भोक, ओळंबा आणि २२ डिसेंबर : दोन शाळांच्या अंगणातून पृथ्वीचा परीघ

पृथ्वीचा परीघ शाळेच्या अंगणात मोजायचा म्हटलं की बहुतेक शिक्षकांना आधी शून्य सावलीचा दिवस आठवतो. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि मुलं हरखून जातात. पण आपल्याकडे हा दिवस शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो कोल्हापूरला येतो, महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईला, शेवटच्या आठवड्यात नागपूरला. तेव्हा शाळांना सुट्टी असते. परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात. शिवाय मोजमापाच्या दृष्टीने शून्य सावलीत हाती काहीच लागत नाही, कारण मोजायला सावलीच उरत नाही.

आम्ही हा प्रयोग २२ डिसेंबरच्या आसपास दोन शाळांत करतो. दोन्हीकडे दुपारची सावली मोजून सूर्याचा कोन काढायचा; दोन कोनांतला फरक ३६० अंशांचा जेवढा भाग, तेवढाच भाग दोन शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर पृथ्वीच्या परिघाचा असतं. श्रीनिवास रामानुजन यांचा हा जन्मदिवस, म्हणजे राष्ट्रीय गणित दिवस. शाळेत काहीतरी कार्यक्रम ठरलेलाच असतो, आकाश निरभ्र असतं आणि ऊन सोसवतं. खरं कारण मात्र खगोलातलं आहे. या दिवसांत सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो आणि त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, जवळजवळ स्थिर असते. २२ तारखेला ती दक्षिणेकडे २३.४३ अंश असते आणि चार दिवस मागे-पुढे झाले तरी ०.१ अंशानेही बदलत नाही. म्हणजे एका शाळेवर ढग आले तर ती दुसऱ्या दिवशी मोजू शकते, दोन्ही शाळांची वाचनं तरीही एकमेकांशी जुळतात. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी ही सवलत नाही. तेव्हा क्रांती दिवसाला ०.४ अंशाने सरकते आणि एका दिवसाच्या फरकाने सुमारे ४४ किलोमीटरची चूक आत शिरते.

दुसरी शाळा निवडताना ती उत्तर-दक्षिण दिशेने शक्य तितकी लांब असावी. आमची जोडी सोलापूर आणि जळगाव. सोलापूर १७.६६ अंश उत्तर अक्षांशावर, जळगाव २१.०१ वर, रेखांश ७५.९१ आणि ७५.५६, म्हणजे जवळपास एकाच उभ्या रेषेवर. रेखांश जुळलेच पाहिजेत असं नाही. प्रत्येक शाळेने आपापल्या स्थानिक माध्यान्हीची, म्हणजे तिथे सूर्य सर्वांत उंच असतानाची, सावली मोजली की पूर्व-पश्चिम अंतर हिशेबातून आपोआप बाहेर पडतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सायीन, म्हणजे आजचं आस्वान, आणि अलेक्झांड्रिया यांच्या आधारे हाच हिशेब केला. तीही दोन गावं एका रेखांशावर नाहीत, तीन अंशांचा फरक आहे. त्याला वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला, अंतर ५००० स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) धरलं होतं, म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया आला. आपल्या जोडीत अंतर त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे, म्हणून कोन त्याच्यापेक्षा काटेकोरपणे मोजावा लागतो. या प्रयोगाची सगळी मेहनत इथेच आहे.

नेहमीच्या पद्धतीत मीटरभर काठी उभी करून सावलीच्या टोकावर खूण करतात. दोन अडचणी येतात. पहिली, सावलीला धारदार टोक नसतंच. सूर्य बिंदू नाही, तो आकाशात अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे १०० सेंटीमीटर उंचीच्या काठीच्या सावलीचं टोक डिसेंबरच्या दुपारी दीड सेंटीमीटरभर धूसर होत जातं. एक मुलगा गडद भाग संपतो तिथे खूण करतो, दुसरी मुलगी उजेड पूर्ण सुरू होतो तिथे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि वाचनांत अर्ध्या अंशाचा फरक पडतो. दुसरी अडचण काठीच्या उभेपणाची. काठी उत्तरेकडे एकच अंश कलली तर तिचं टोक पावणेदोन सेंटीमीटर पुढे जातं आणि सावली तेवढीच लांबते. एका शाळेत एवढं झालं तरी पृथ्वीचा परीघ ३४,००० किंवा ४८,००० किलोमीटर येऊ शकतो. कंपासपेटीतला गुण्या काठीच्या बुडाशी लावून काठी सरळ केली तर आणखी एक घोळ होतो. पाणी वाहून जावं म्हणून शाळेच्या अंगणाला उतार दिलेला असतो. गुण्या काठीला त्या उताराशी काटकोनात आणतो, आणि ती ओळंब्यात राहत नाही.

म्हणून काठीच काढून टाकली. तिच्या जागी एक भोक वापरायचं.

साहित्य असं. प्रयोगशाळेतलं क्लॅम्पचं स्टँड आणि एक उंच स्टूल. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा १५ सेंटीमीटर व्यासाचा गोल, त्याच्या मध्यभागी ५ मिलिमीटरचं भोक. गवंड्याकडचा ओळंबा, तो नसेल तर बारीक दोऱ्याला बांधलेला जड नट. पांढरी कार्डशीट, चिकटपट्टी, स्टीलची मोजपट्टी, लांब सुतळी, टोकदार पेन्सिल. दोन-तीन विटा. शिवाय गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी, तीन-चार मीटर.

स्टुलावर स्टँड ठेवून त्याच्या पायावर वीट ठेवायची, नाहीतर वाऱ्याने ते हलतं. पुठ्ठ्याची कड क्लॅम्पमध्ये धरून पुठ्ठा आडवा ठेवायचा, स्टुलाच्या उत्तरेच्या कडेबाहेर. भोकातून ओळंबा खाली सोडायचा, तो पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि त्याचं टोक जमिनीवर जिथे येतं तिथे फुली मारायची. ही फुली म्हणजे आपल्या नसलेल्या काठीचं बूड. दोरा काढून घेतला की काठीच्या कलण्याचा प्रश्नच संपतो, कारण ओळंबा जमिनीचा उतार बघत नाही. भोकापासून फुलीपर्यंतची उंची बरोबर १०० सेंटीमीटर करायची. ही उंची मिलिमीटरपर्यंत जपावी लागते. अर्धा सेंटीमीटर चुकला तर कोन ०.१४ अंशाने चुकतो. स्टँडचा दांडा भोकाच्या ऐन दक्षिणेला येऊ देऊ नये. थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवावा, नाहीतर नेमक्या माध्यान्हीला त्याची सावली आपल्या खुणेवर येऊन बसते.

आता पुठ्ठ्याची सावली जमिनीवर पडते आणि तिच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा. २२ डिसेंबरच्या दुपारी तो लंबगोल असतो, साधारण १.७ सेंटीमीटर रुंद आणि २.१ सेंटीमीटर लांब. त्याच्या दोन्ही टोकांवर बारीक खुणा करून मध्य काढला की सूर्याच्या केंद्राची जागा मिलिमीटरच्या आसपास कळते. काठीच्या सावलीला हे कधीच जमलं नसतं. भोक २ मिलिमीटरचं केलं तर उघड्या अंगणात ठिपका फिका पडतो, १ सेंटीमीटरचं केलं तर त्याची कड पसरते. ५ मिलिमीटर मधोमध बसतं. एका गटाला मुद्दाम चौकोनी भोक पाडायला सांगावं. ठिपका तरीही गोलसरच येतो, आणि हा भोकाचा आकार नसून सूर्याचा आहे हे मुलांना न सांगता पटतं. भोकातून वर सूर्याकडे डोळा लावायचा नाही, हे मात्र सुरुवातीलाच बजावून सांगायचं आणि पुठ्ठ्याखाली कोणाला वाकू द्यायचं नाही.

पुढचं काम समपातळीचं, आणि बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. ठिपका फुलीपासून ८५-१०० सेंटीमीटर लांब पडतो. अंगणाला शंभरात एक एवढाच उतार असला तरी कागदाची जागा फुलीपेक्षा ९ मिलिमीटर खाली जाते, ठिपका तितक्याच प्रमाणात पुढे सरकतो आणि कोनात पाव अंशाची भर पडते. पाण्याच्या नळीचं एक टोक फुलीवर आणि दुसरं कागदावर धरून पाण्याच्या पातळ्या मोजायच्या. नळीत बुडबुडा राहिलेला नाही हे आधी पाहायचं. बुडबुडा असला की दोन्ही बाजूंची पातळी खोटी येते. कागद खाली असेल तर त्याच्याखाली पुठ्ठे सरकवण्याची गरज नाही. जेवढा फरक तेवढा उंचीत मिळवायचा. कागद ९ मिलिमीटर खाली असेल तर हिशेबात उंची १०० ऐवजी १००.९ घ्यायची. नववी-दहावीच्या मुलांना ही दुरुस्ती आकृती काढली की लगेच समजते.

कार्डशीट लांब बाजू पूर्व-पश्चिम येईल अशी चिकटवायची. तिच्यावर फुलीला केंद्र धरून सुतळीने तीन कंस काढायचे. सोलापूरला त्रिज्या ८९, ९१ आणि ९३ सेंटीमीटर, जळगावला १००, १०२ आणि १०४. सुतळी ताणली जाते, त्यामुळे प्रत्येक कंसाची त्रिज्या मोजपट्टीने पुन्हा तपासायची.

साडेअकराला सुरुवात करून दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करायची आणि शेजारी वेळ लिहायची. वेळ मोबाइलची घ्यायची, भिंतीवरच्या घड्याळाची नाही. ठिपका मिनिटाला सुमारे ५ मिलिमीटर पूर्वेकडे सरकतो. पृथ्वी फिरताना दिसणं म्हणजे काय ते मुलं इथे डोळ्यांनी पाहतात; पेन्सिल टेकवून खूण करेपर्यंत ठिपका थोडा पुढे गेलेला असतो. म्हणून एकाने वेळ पुकारायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी खूण करायची. सव्वाएकपर्यंत थांबायचं. इथे मुलांचा धीर सुटतो, साडेबाराला सावली आखूड झाली की काम संपलं असं त्यांना वाटतं. पण दुपारनंतरच्या खुणा नसतील तर सकाळच्या खुणांचा निम्मा उपयोग वाया जातो.

कारण असं. माध्यान्हीच्या दहा मिनिटं आधी आणि दहा मिनिटं नंतर ठिपक्याचं अंतर सर्वांत कमी अंतरापेक्षा जेमतेम २ मिलिमीटर जास्त असतं. त्यामुळे सावली सर्वांत आखूड कधी झाली हे नुसतं बघून माध्यान्हीची वेळ सांगता येत नाही. कंस मात्र ती सांगतात. ठिपका प्रत्येक कंसाला दोनदा छेदतो, एकदा आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. सोलापूरला ९३ सेंटीमीटरचा कंस तो ११:३५ ला आणि १:१५ ला ओलांडतो. मधली वेळ १२:२५. उरलेल्या दोन कंसांवरूनही तीच वेळ मिनिटभराच्या फरकाने आली पाहिजे. नाही आली तर बहुधा मध्येच स्टँडला धक्का लागलेला असतो; अशा वेळी ओळंबा पुन्हा सोडून तो फुलीवर येतो का ते पाहायचं. एकाच कंसावरचे दोन छेदबिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिचा लंबदुभाजक उत्तर-दक्षिण. होकायंत्राची गरज पडत नाही. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वेदीची दिशा ठरवण्यासाठी शंकू, म्हणजे उभी खुंटी, रोवून भोवती वर्तुळ काढायचं आणि सावलीचं टोक वर्तुळाला कुठे टेकतं ते पाहायचं, हे कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिलेलं आहे.

सगळ्या खुणा हलक्या हाताने वक्र रेषेने जोडायच्या आणि लंबदुभाजक त्या रेषेला जिथे छेदतो तिथपर्यंतचं फुलीपासूनचं अंतर मोजायचं. हीच माध्यान्हीची सावली. एखादी खूण चुकली असली तरी बाकीच्या खुणा रेषेला सांभाळून घेतात, म्हणून फक्त १२:२५ ची एकच खूण मोजण्यापेक्षा हे मोजमाप जास्त भरवशाचं असतं.

आता आकडे. सोलापूरची सावली ८७.४ सेंटीमीटर, जळगावची ९८.३, दोन्हीकडे उंची १००. सोलापूरला टॅन (सावली भागिले उंची) ०.८७४, म्हणजे सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ४१.१५ अंश दक्षिणेला. जळगावला टॅन ०.९८३, म्हणजे ४४.५१ अंश. फरक ३.३६ अंश. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर ३७१ किलोमीटर. ३.३६ अंशांना ३७१ किलोमीटर, तर ३६० अंशांना ३९,७५०. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

हा आकडा इतका जवळ आला यात थोडा योगायोगाचा भाग आहे, आणि ते वर्गात स्पष्ट सांगावं. जळगावची सावली ९८.३ ऐवजी ९८.५ मोजली असती, म्हणजे २ मिलिमीटर जास्त, तर फरक ३.४२ अंश झाला असता आणि परीघ ३९,०५० किलोमीटर. २ मिलिमीटरला ७०० किलोमीटर! प्रत्येक गटाने आपल्या मोजमापात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे करून परीघ पुन्हा काढावा आणि उत्तर एका आकड्यात न देता ‘३९,००० ते ४०,५००’ असं लिहावं. आमच्या मते या उपक्रमातला सर्वांत मोलाचा तास हाच. उत्तर पाठ्यपुस्तकात आहे म्हणून सावली दोन-तीन मिलिमीटरने ‘दुरुस्त’ करण्याचा मोह मुलांना होतो, कधी शिक्षकांनाही. म्हणून दोन्ही शाळांनी आपापली सावली शाईने लिहून तिचा फोटो एकमेकींना पाठवायचा आणि मगच हिशेबाला बसायचं, असा नियम आम्ही ठेवला आहे. ३६,००० आलं तर ३६,००० लिहायचं आणि चूक शोधायला पाण्याची नळी पुन्हा काढायची.

अंतराच्या बाबतीतही असाच प्रामाणिकपणा लागतो. मोबाइलवर दोन गावांचे अक्षांश बघून त्यावरून किलोमीटर काढले तर जे सिद्ध करायचं तेच आपण आत घातलं. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर नुसत्या प्रमाणपट्टीने अंतर मोजावं. रस्त्याचं अंतर घेऊ नये, ते वळणावळणाने वाढलेलं असतं. तिरकं सरळ अंतर ३७३ किलोमीटरच्या आसपास येतं आणि उत्तर-दक्षिण ३७१, म्हणून या जोडीत नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर काढताना गुण्या थोडा हलला तरी चालतं. पुणे आणि नागपूर अशी जोडी घेतली तर तिरकं अंतर भलतंच मोठं होईल आणि उत्तर-दक्षिण अंतर वेगळं काढावंच लागेल. तिथला कोनही लहान, त्यामुळे ती जोडी टाळलेली बरी.

याच कागदावरून रेखांशही निघतो. २२ डिसेंबरला सूर्य सरासरी घड्याळाच्या सुमारे दीड मिनिट पुढे असतो, म्हणून १२:२५ मध्ये दीड मिनिट मिळवायचं. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. आपली माध्यान्ह तिच्यापेक्षा साडेसव्वीस मिनिटं उशिरा, चार मिनिटांना एक अंश, म्हणजे ६.६ अंश पश्चिमेला. उत्तर ७५.९. भूगोलाच्या पुस्तकातलं स्थानिक वेळेचं गणित मुलं इथे स्वतःच्या आकड्यांनी सोडवतात, आणि नागपूरला दुपार मुंबईच्या आधी पंचवीस मिनिटं का होते याचं कोडंही सुटतं.

सातवी-आठवीला टॅन नसतो. त्यांनी १० सेंटीमीटर उभी आणि ८.७४ सेंटीमीटर आडवी बाजू घेऊन काटकोन त्रिकोण काढावा आणि कोनमापकाने कोन मोजावा. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि ३.३६ अंशांच्या फरकात अर्धा अंश म्हणजे पंधरा टक्के. म्हणून लहान वर्गांनी परिघाच्या मागे न लागता आपल्या गावाचा अक्षांश काढावा : मोजलेल्या कोनातून २३.४ वजा. सोलापूरला १७.७ येतं, अर्धा अंश इकडे-तिकडे झालं तरी मुलांना नकाशावर आपलं गाव सापडतं.

जोडीदार शाळा मिळाली नाही तर तोच कागद मार्चपर्यंत जपून ठेवावा आणि २० किंवा २१ मार्चला त्याच जागी, त्याच उंचीवर भोक बसवून पुन्हा मोजावं. सोलापूरला तेव्हा माध्यान्ह १२:३४ च्या सुमारास येते आणि सावली ३१.८ सेंटीमीटर पडते. पंचांगात जिला पलभा म्हणतात ती हीच विषुवदिनाची सावली. फक्त तिथे शंकू बारा अंगुळांचा असतो, म्हणून सोलापूरची पलभा ३.८ अंगुळं. डिसेंबरमध्ये वक्र असलेली ठिपक्याची वाट मार्चमध्ये जवळजवळ सरळ रेषा होते. दोन दिवसांच्या कोनांतला फरक पृथ्वीच्या अक्षाचा कल देतो, सुमारे २३.४ अंश. मार्चमध्ये ठिपका बुडापासून फक्त ३२ सेंटीमीटरवर येतो आणि स्टुलाची सावली त्याच्या अगदी जवळ पोचते, म्हणून त्या दिवशी क्लॅम्पचा हात शक्य तितका उत्तरेकडे लांब काढावा.